किरकोळ नसलेलं काम : शिरेतल्या व्हेनफ्लॉनबाबत परिचारिकांचं मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
तसेच मा. अध्यक्ष व सदस्य, रुग्ण कल्याण समिती

विषय : शिरेतून सलाईन, रक्त व औषधे देण्यासाठी लावल्या जाणाऱ्या व्हेनफ्लॉनचे साहित्य, प्रशिक्षण, नोंद आणि परिचारिकांची सुरक्षितता याबाबत.

महोदय,

मागच्या पावसाळ्यात रात्री अडीचच्या सुमारास बालरोग वॉर्डात जुलाब-उलट्यांनी सुकलेलं आठ महिन्यांचं बाळ आलं. वजन सहा किलो. टाळू खोल गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. डॉक्टरांनी केसपेपरवर आर. एल. (रिंगर लॅक्टेट सलाईन) लिहिलं : पहिल्या तासात किलोमागे ३० मिली, पुढच्या पाच तासांत किलोमागे ७०. म्हणजे पहिल्या तासाला १८० मिली, मिनिटाला ३ मिली. आमच्या वापरातलं सगळ्यात बारीक, पिवळ्या टोपणाचं २४ नंबरचं व्हेनफ्लॉन मिनिटाला साधारण २० मिली सोडू शकतं. बाळाला ते पुरून उरलं असतं. पण ट्रॉलीत पिवळं नव्हतं आणि स्टोअरला कुलूप होतं. हाताशी होती ती २२ नंबरची दोन निळी, आणि मोठ्या माणसांची हिरवी हवी तेवढी.

निळं दोन्ही हातांवर एकेकदा करून पाहिलं. दोन्ही वेळा शीर फुटली आणि कातडीखाली जांभळं टेंगूळ आलं. आजी म्हणाली, "सिस्टर, आता बास करा हो, किती टोचाल लेकराला." बाप मोटरसायकल काढून उघडं मेडिकल शोधायला गेला. शेवटी नवजात कक्षातल्या एका सिस्टरने आपल्या लॉकरमधून पिवळं काढून दिलं. अडीअडचणीला म्हणून तिने चार लपवून ठेवली होती. पायाच्या शिरेत ते पहिल्या टोचण्यात बसलं. पाय हलू नये म्हणून सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, वर पट्टी गुंडाळून बांधला. बाप परत आला तेव्हा बाटली अर्धी उतरली होती. बाळ वाचलं.

यातलं काहीही कुठे नोंदलेलं नाही. केसपेपरवर एवढंच आहे : 'आय. व्ही. लाईन घेतली.' या तीन शब्दांत आमची चाळीस मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात वॉर्डातल्या बाकी रुग्णांकडे बघायला एकच सिस्टर उरली होती. हे मागणीपत्र त्या तीन शब्दांबद्दल आहे.

आमचं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर, व्हेनफ्लॉन लावणं हे रुग्णालयात किरकोळ काम समजलं जातं, आणि किरकोळ समजलं गेल्यामुळे त्याला ना साहित्य मिळतं, ना वेळ, ना नोंद. ड्यूटीच्या वाटपात ड्रेसिंगला माणूस असतो, लसीकरणाला माणूस असतो. लाईन घ्यायला 'कुणीतरी' असतं. दाखल होणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या शरीरात आपण जी एकमेव परकी वस्तू घालतो आणि दिवसच्या दिवस ठेवतो, ती ही. कातडीचा दरवाजा उघडून थेट रक्तापर्यंत वाट केलेली असते. तिथून औषध जातं तसे जंतूही जातात.

हे काम नेहमीच असं सोपं मानलं जात नव्हतं. १८३२ च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधल्या लीथ इथे डॉ. थॉमस लॅटा यांनी मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या शिरेत मीठपाणी सोडलं, तेव्हा ती बातमी 'लॅन्सेट'मध्ये छापण्याजोगी होती. पुढे शंभराहून अधिक वर्षं धातूची सुईच शिरेत ठेवत. रुग्णाने हात हलवला की ती शीर फोडून बाहेर. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले भूल विभागाचे डॉ. डेव्हिड मासा यांनी सुईवर प्लॅस्टिकची नळी चढवली : सुई काढायची, नळी आत ठेवायची. आज आपण जे वापरतो ते याच कल्पनेचं वंशज. साधन इतकं चांगलं झालं की ते लावणाऱ्या हाताचा विसर पडला, असं आम्हाला वाटतं.

साहित्याबद्दल

पहिली मागणी सगळ्यात साधी आहे. स्टोअरच्या साठापत्रकात व्हेनफ्लॉनसाठी 'आय. व्ही. कॅन्युला – उपलब्ध' असं लिहिलेलं असतं. कोणत्या नंबरचं, ते लिहिलेलं नसतं. दोन हजार हिरवी शिल्लक असली आणि एकही पिवळं नसलं, तरी कागदावर साठा भरपूर दिसतो. यापुढे साठा नंबरवार, रंगवार ठेवावा : पिवळं २४, निळं २२, गुलाबी २०, हिरवं १८, राखाडी १६. प्रत्येक नंबरची किमान पातळी ठरवावी, ती गाठली की त्याच दिवशी मागणी जावी आणि पुरवठा वेळेत आला नाही तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी व्हावी. २००५ साली आय. व्ही. कॅन्युला कायद्याने 'औषध' म्हणून अधिसूचित झाला आहे. औषध संपलं की जो गदारोळ होतो तो याच्यासाठीही व्हायला हवा.

नंबराचा आग्रह हौसेचा नाही. नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो : त्रिज्या दुप्पट केली तर, बाकी सगळं तेच असताना, प्रवाह सोळा पट. म्हणून हिरव्यातून मिनिटाला ८० ते १०० मिली उतरतं आणि निळ्यातून ३०-३५. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला दोन हातांना दोन मोठ्या लाईन हव्यात, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलं जातं. प्रसूती कक्षात हिरवी संपली म्हणून गुलाबी लावून रक्ताची पिशवी हाताने पिळत उभं राहणं काय असतं, हे इथे सह्या करणाऱ्या कित्येकींना ठाऊक आहे. उलट, ऐंशी वर्षांच्या आजींच्या कागदासारख्या शिरेत केवळ ते हाताशी होतं म्हणून हिरवं घालणं हाही छळच.

आता बाकीचं साहित्य. इथे आमचीच झाकली मूठ उघडतो. टुर्निकेट नसतं म्हणून आम्ही हातमोजा ताणून दंडाला गाठ मारतो. शीर बोटाला लागत नाही म्हणून हातमोज्याचं तर्जनीचं टोक फाडतो. चिकटपट्टी एका हाताने कापता येत नाही म्हणून आधीच चार तुकडे कापून ट्रॉलीच्या कडेला चिकटवून ठेवतो. ज्या कडेला दिवसभर सगळ्यांचे हात लागलेले असतात, तिथली पट्टी मग थेट जखमेवर जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाईन फ्लश करायला, म्हणजे सलाईनने धुवायला, एकाच ५०० मिलीच्या बाटलीला सुई टोचून ठेवतो आणि सकाळपासून रात्रीपर्यंत सगळा वॉर्ड तीच बाटली वापरतो. एका रुग्णाचा जंतू तिच्यात गेला तर तो खाटेखाटेला वाटला जाणार. हे चूक आहे, हे आम्हाला कळतं. शिकवलेलं सगळं आठवतं. पण दहा मिलीची एकदाच वापरायची सलाईनची अँप्यूल वॉर्डात आलीच नाही, तर आठवून करायचं काय?

म्हणून प्रत्येक लाईनमागे एक तयार संच मिळावा : धुता येईल किंवा एकदाच वापरता येईल असं टुर्निकेट, अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन, निर्जंतुक पारदर्शक ड्रेसिंग, दहा मिली सलाईनची अँप्यूल. मुलांसाठी मऊ आधारपट्ट्या वेगळ्या, म्हणजे खोक्यांचे पुठ्ठे खोक्यांनाच राहतील. पारदर्शक ड्रेसिंग महाग पडतं, असं उत्तर आम्हाला मिळालेलं आहे. पण त्यातून टोचल्याची जागा पट्टी न उघडता दिसते आणि लाली पहिल्याच दिवशी नजरेस येते. सुजलेल्या हाताचा रुग्ण चार दिवस जास्त राहिला तर त्याचा खर्च ड्रेसिंगच्या किती पट होतो, हा हिशेब लेखा विभागाने एकदा करून बघावा.

दोन प्रयत्न, मग दुसरे हात

आमची सगळ्यात महत्त्वाची मागणी हीच आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

इन्फ्युजन नर्सेस सोसायटी या अमेरिकेतल्या व्यावसायिक संस्थेच्या २०१६ च्या मानकांत म्हटलं आहे की एका व्यक्तीने दोनपेक्षा जास्त वेळा टोचू नये आणि एका रुग्णावर सगळे मिळून चारच्या पुढे जाऊ नये. हा नियम आपल्या रुग्णालयात लेखी लागू करावा. आज काय होतं? नवी सिस्टर दोनदा चुकते, लाजते, नातेवाईक बघत असतात, ती तिसऱ्यांदा टोचते. हात थरथरू लागतो. मग चौथ्यांदा. मदत मागणं म्हणजे 'हिला जमत नाही' असा शिक्का. लेखी नियम असला की थांबणं हा तिचा कमीपणा राहत नाही, ती तिची ड्यूटी होते. दर पाळीत लाईन घेण्यात हात बसलेल्या एका सिस्टरचं किंवा ब्रदरचं नाव फलकावर लिहावं आणि तिसरा प्रयत्न त्यांचाच. त्यांनाही जमलं नाही तर भूलतज्ज्ञांना बोलावण्याचा अधिकार त्यांना थेट असावा, मध्ये कुणाची परवानगी नको. अतिदक्षता विभागातलं सोनोग्राफी यंत्र वापरून शीर शोधायचं प्रशिक्षणही अशा निवडक लोकांना द्यावं. यंत्र आहे. रात्री ते झाकून ठेवलेलं असतं.

काही रुग्णांसाठी तर दोन प्रयत्नही जास्त आहेत. डायलिसिसवर असलेल्या किंवा लवकरच येणाऱ्या रुग्णाच्या मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा पुढे फिस्चुलासाठी, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेल्या वाटेसाठी, लागणार असतात. तिथे शक्यतो हाताच्या पाठीवरच लाईन घ्यायची, आणि फिस्चुला असलेल्या हाताला तर हातच लावायचा नाही. विदर्भातून आणि नंदुरबारच्या बाजूने येणारे सिकलसेलचे रुग्ण लहानपणापासून टोचून घेत आलेले असतात. त्यांच्या शिरा दोरीसारख्या कडक झालेल्या असतात आणि कुठली शीर चालते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. "सिस्टर, इथे नका, इथलं बंद पडलंय, इकडे बघा," असं सांगणारा पंधरा वर्षांचा मुलगा आमच्यातल्या अनेकींनी पाहिला आहे. अशांच्या केसपेपरवर पहिल्याच पानावर 'शीर जपा' असा शिक्का मारावा. रबरी शिक्क्याला फार खर्च येत नाही.

माणसं आणि मिनिटं

इथे फार बोलत नाही, कारण मनुष्यबळाची मागणी प्रत्येक मागणीपत्रात असते आणि तिचं काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एक हिशेब. हात धुणं, शीर शोधणं, औषध लावून कातडी सुकू देणं, टोचणं, पट्टी, फ्लश, नोंद, सुईची विल्हेवाट : नीट केलं तर दहा मिनिटं, ती पण शीर दिसत असेल तर. एका पाळीत वीस लाईन घ्यायच्या झाल्या तर दोनशे मिनिटं, म्हणजे आठ तासांतले सव्वातीन. सामान्य वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका, हा केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा निकष आहे. तो पाळला जात नसेल तर निदान वॉर्डात त्या रात्री किती रुग्ण आणि किती परिचारिका होत्या, हे रोज फलकावर लिहावं. मग स्पिरिट ओलं असतानाच का टोचलं, हा प्रश्न आम्हाला विचारण्याआधी फलक बघता येईल.

नोंद

लाईन कधी घेतली, कुठे घेतली, कितव्या प्रयत्नात, कोणत्या नंबरची, कुणी : पाच गोष्टी. यासाठी केसपेपरमध्ये एक रकाना आणि ड्रेसिंगवर तारीख-वेळेचं चिकटपत्रक मिळावं. दर पाळीला जागा तपासून फ्लेबायटिसचे (शिरेच्या दाहाचे) गुण लिहावेत. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या अँड्र्यू जॅक्सन यांनी १९९८ मध्ये मांडलेली शून्य ते पाच गुणांची पद्धत सोपी आहे : शून्य म्हणजे जागा निरोगी, दोन म्हणजे दुखणं, लाली, सूज यांपैकी दोन गोष्टी, आणि दोनला लाईन काढायची. ती मराठीत करून प्रत्येक वॉर्डात लावावी. भाषांतर आम्ही करून देऊ.

इथेच एक वाद आहे, तो लपवत नाही. आपल्याकडे दर ७२ तासांनी लाईन बदलण्याचा रिवाज आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये ३,२८३ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ठरावीक दिवशी बदललेल्या आणि गरज पडली तेव्हाच बदललेल्या, दोन्ही गटांत फ्लेबायटिसचं प्रमाण सारखंच निघालं, ७ टक्के. म्हणजे चांगली चाललेली लाईन केवळ तारीख झाली म्हणून काढून रुग्णाला पुन्हा टोचण्यात फायदा दिसला नाही. आमच्यातल्या काही जणींचं मत आहे की हे लगेच स्वीकारावं. बहुमताचं मत वेगळं पडलं. त्या अभ्यासात प्रत्येक लाईनवर कुणाची तरी नजर होती. आपल्याकडे नोंदच नाही, तर नजर आहे की नाही हे कसं कळणार? म्हणून आधी सहा महिने नोंद आणि गुण सुरू करावेत, आकडे बघावेत, मगच रिवाज सोडावा. तोपर्यंत ७२ तासांचा नियम राहू द्यावा, मात्र ज्याच्या शिरा अवघड आहेत त्याच्यासाठी इन्चार्ज सिस्टर आणि डॉक्टर मिळून अपवाद करू शकतील, अशी मुभा असावी.

आणि ज्याला लाईनची गरजच उरलेली नाही त्याची काढायचा अधिकार परिचारिकेला द्यावा. रुग्ण जेवतोय, गोळ्या घेतोय, चोवीस तासांत शिरेतून काही गेलेलं नाही, तरी हातात व्हेनफ्लॉन तसंच असतं, कारण काढायचं कुणी लिहिलेलं नसतं. राउंडच्या वेळी 'ही लाईन आज कशाला हवी?' हा प्रश्न रोज विचारला जावा. याच्या उलट बाजूला लोकांची समजूतही आहे. सलाईन चढवली की ताकद येते, असं मानणारे नातेवाईक रोज भेटतात. ५०० मिलीच्या ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे साधारण पाच चमचे साखर, तीही शिरेत भोक पाडून. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी आली आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. बाह्यरुग्ण विभागात हे सांगणारं मोठं चित्र लावावं आणि डॉक्टरांनीही 'रुग्णाच्या समाधानासाठी' सलाईन लिहू नये, एवढी आमची विनंती आहे. सलाईन नाकारली तर नातेवाईक आमच्यावर रागावतात, हेही लक्षात असू द्या. वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा आम्हालाही लागू आहे. तो वॉर्डाच्या दारावर मराठीत, ठळक लिहून लावावा.

सुई आम्हाला लागते तेव्हा

रक्ताळलेली सुई नळीतून काढल्यावर ती टाकायचा पांढरा, सुई आरपार न जाणारा डबा बहुतेक वॉर्डांत ड्यूटी टेबलाजवळ असतो. रुग्णाची खाट खिडकीशी असेल तर हातात उघडी सुई घेऊन वीस पावलं चालावं लागतं, मध्ये नातेवाईक, मुलं, जमिनीवर टाकलेली अंथरुणं. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार तीक्ष्ण वस्तूंना पांढरा डबा आहे. तो ट्रॉलीवर बसवावा, म्हणजे सुई हातात राहणारच नाही. सुई मागे घेताना टोक आपोआप झाकणारी सुरक्षित व्हेनफ्लॉन निदान कॅज्युअल्टी, प्रसूती कक्ष आणि डायलिसिसमध्ये द्यावीत.

त्याच नियमांत सर्व कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, आणि रुजू होताना व दरवर्षी प्रशिक्षण, असं स्पष्ट आहे. 'सर्व' म्हणजे कंत्राटी परिचारिका, शिकाऊ विद्यार्थिनी, आणि कचरा उचलणाऱ्या मावशी-मामासुद्धा. सगळ्यात जास्त टोचतं ते मावशींना, कारण कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत चुकून गेलेली सुई त्यांच्या हाताला लागते आणि ती कुणी टाकली हे कधीच कळत नाही. तीन डोस पूर्ण झाल्यावर रक्तातली प्रतिपिंडं तपासून, संरक्षण तयार झालं की नाही हेही प्रत्येकाला कळवावं.

सुई लागल्यावर एच. आय. व्ही. प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. रात्री ते औषध कुठे आहे, किल्ली कुणाकडे आहे, हे आमच्यातल्या अर्ध्या जणींना माहीत नाही. पहिला डोस कॅज्युअल्टीत, कुलुपाबाहेर, चोवीस तास उपलब्ध असावा. एच. आय. व्ही. आणि एड्स कायदा, २०१७ नेही ही जबाबदारी आस्थापनेवर टाकलेली आहे. सुई लागल्याची नोंद करणाऱ्या सिस्टरला 'निष्काळजीपणा' म्हणून नोटीस देऊ नये. नोटीस आली की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही आणि न सांगता घरी जाऊन ती महिनाभर काय विचार करते, हे तिलाच माहीत.

प्रशिक्षण

नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकीला रुग्णाला हात लावण्याआधी सरावाच्या कृत्रिम हातावर दोन दिवस मिळावेत. त्यात हे शिकवावं : सुई कातडीला दहा ते तीस अंशांत धरणं, रक्त दिसल्यावर कोन कमी करणं, सुई स्थिर ठेवून नळी पुढे सरकवणं, आणि एकदा मागे घेतलेली सुई पुन्हा नळीत कधीही न घालणं, कारण तिने नळीचा तुकडा आतच कापला जाऊ शकतो. यानंतर वीस लाईन कुणाच्या तरी देखरेखीखाली. तो कृत्रिम हात नर्सिंग स्कूलच्या कपाटात आहे. किल्ली द्यावी.

आम्ही संप पुकारलेला नाही आणि पुकारणारही नाही. कुणाचीही लाईन थांबणार नाही. येत्या पंधरा दिवसांत आपण आमच्या तीन प्रतिनिधींना चर्चेची वेळ द्यावी. तोपर्यंत बालरोग वॉर्ड आणि प्रसूती कक्षात आम्ही आमच्या खर्चाने दोनशे पानी वह्या ठेवत आहोत. प्रत्येक लाईनचा नंबर, प्रयत्न, वेळ आणि 'साहित्य होतं की नव्हतं' हे त्यात लिहिलं जाईल. चर्चेला येताना वह्या घेऊन येऊ.

आपल्या विश्वासू,
जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयांतील परिचारिका संघटनेच्या वतीने
अध्यक्षा, सचिव व कार्यकारिणी सदस्य

प्रत माहितीसाठी : अधिसेविका, भांडार विभाग, संसर्ग नियंत्रण समिती
सोबत : वॉर्डनिहाय सह्यांची पाने